मोजून भरतात

"लखनच्या पेशी दोन लाख एक्क्याऐंशी हजार आहेत मावशी, कशाला काळजी करता," असं स्वप्ना माझ्या मायला म्हणाली आणि मायच्या हातातली दुधाची बाटली जराशी तिरकी झाली. सांडलं नाही काही. माझ्या मायच्या हातून दूध सांडत नसतं, धारूरच्या घाटातल्या वळणांवर एसटीत उभी राहून आली तरी सांडत नसतं. मी आतल्या दारात नळ्यांचा ट्रे घेऊन उभा होतो. स्वप्ना आमच्या लॅबमधली दुसरी टेक्निशियन, स्वभावानं इतकी चांगली की कधी कधी तिचा राग येतो. काल नवीन किट आलं होतं. किट आलं की आम्ही आधी आपल्यातल्याच कुणाचं तरी रक्त मशीनला लावून बघतो, म्हणून तिनं माझं घेतलं, आणि मीही गप्पा मारत मारत हात पुढं केला. या हातातल्या रक्ताबद्दल मी गेले चार महिने मायला काय काय सांगत आलोय, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. परवाच फोनवर सांगितलं होतं, नव्वद हजार. पेशी दोन दिवसांत नव्वद हजारांवरून पावणेतीन लाखांच्या वर जात नाहीत हे मायला कुणी शिकवलेलं नव्हतं, पण शेळीला दोन दिवसांत दोन दात जास्तीचे येत नाहीत हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं माझ्याकडं बघितलं. बाजारात शेळी घेताना जबडा उघडून बघतात तसं बघितलं. मग स्वप्नाला म्हणाली, "बरं झालं बाई," आणि बाकड्यावर बसली. मी म्हणालो, माय, बस, एवढं उरकून येतो, आणि आत पळालो. पळालो हाच शब्द बरोबर आहे.

मागच्या खोलीत मायक्रोस्कोप आहे. मी समोरची काच लावली आणि डोळा टेकवला. वडवणीकडच्या एका बाईचं रक्त होतं. मशीननं तिच्या पेशी चाळीस हजार दाखवल्या होत्या, आणि मशीननं असा आकडा दाखवला की काचेवर डोळ्यानं बघायचं असा आमचा रिवाज आहे, कारण कधी कधी या पेशी नळीत एकमेकींना चिकटून ढीग करून बसतात आणि मशीन त्या ढिगाला मोजतच नाही. बघितलं तर तसंच निघालं. बाई धडधाकट होती, मशीनच येडं झालं होतं. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणतो, बंकट नाव त्यांचं, ते सांजेला शेरडं-मेंढरं मोजताना हेच म्हणतात, गर्दीत मोजू नये, जरा पांगू द्यावं. आमच्याकडं मोजायचं काम आबांचं आणि राखायचं काम मायचं. आबा वाघरीच्या, म्हणजे जाळीच्या कुंपणाच्या, तोंडाशी काठी आडवी धरून उभे राहायचे आणि एकेक जनावर आत घेताना ओठ हलवायचे. साठ भरली की काठी खाली. मी त्यांचाच मुलगा, दिवसाला शंभर माणसांच्या पेशी मोजतो, आणि अंबाजोगाईत आल्यापासून माझ्या हातून खोटा आकडा एकदाही बाहेर गेलेला नाही. गेला तो फक्त मायकडं. मी काचेवरनं डोळा काढला, रिपोर्टवर 'पुन्हा रक्त घ्यावे' असं लिहिलं, आणि दुसरी काच घेतली, बाहेर जायचं टाळायला.

आता हा पेशींचा शब्द आमच्या घरात आला कसा ते सांगायला पाहिजे. तीन वर्षांपूर्वी मला खरोखरचा डेंगू झाला होता. तेव्हा एकोणीस हजारांवर गेल्या होत्या. आपल्याकडं प्लेटलेट्सना सगळे पांढऱ्या पेशी म्हणतात. चूक आहे ते. पांढऱ्या पेशी वेगळ्या, या वेगळ्या. या रक्त गोठवतात, धडधाकट माणसाला दीड लाखाच्या वर असतात आणि रंग दिल्यावर जांभळट ठिपक्यांसारख्या दिसतात. पण दवाखान्याच्या पायरीवर बसलेल्या कुणीतरी मायला सांगितलं की पोराच्या पांढऱ्या पेशी कमी झाल्यात, आणि मायनं सरळ हिशोब लावला, की पांढरं कमी झालंय तर पांढरं घाला. मग सुरू झालं. मुळा, लसूण, खोबरं, भगर, शुभ्र ज्वारीची भाकरी. पपईच्या पाल्याचा रस द्या असं कुणीतरी म्हणालं तर ती म्हणाली, हिरवं कशाला. चहा बंद, कारण काळं पांढऱ्याला खातं. आणि शेळीचं दूध, तेही कुठल्याही शेळीचं नाही. आमच्या शेळ्या सगळ्या काळ्याभोर, त्यांत एकच पांढरी, तिचं नाव चांदी. चांदीचंच दूध. मी एकदा सलाइन लागलेल्या हातानं सांगायचा प्रयत्न केला, माय, दूध काळ्या शेळीचंही पांढरंच असतंय की. तर म्हणाली, "तू शिकलेला हायस, गप पड." आठव्या दिवशी माझ्या पेशी लाखाच्या वर गेल्या आणि तिनं वॉर्डातल्या सगळ्या आजाऱ्यांच्या बायांना सांगितलं, चांदीच्या दुधानं वाढल्या म्हणून. त्या आठ दिवसांत माझ्यावर जेवढी माया झाली तेवढी जन्मात झाली नव्हती. आबा शेरडं दुसऱ्याच्या हवाली करून आले होते आणि पलंगाच्या पायथ्याशी बसून माझी पावलं दाबत होते, मुकाट. शेजारपाजारचे येऊन पहिला प्रश्न विचारायचे, किती हायत आज. आकडा ऐकून मान हलवायचे. आजार असावा तर असा, ज्याला आकडा आहे.

यंदा जे आलं त्याला आकडा नव्हता. पोळ्याच्या आसपास आलं असावं. काही झालं नव्हतं, हीच तर पंचाईत. नोकरी होती, रूम होती, योगेश्वरीच्या देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावरची, खाली किराणा दुकान, वर मी. कुणी मेलं नव्हतं, कुणी सोडून गेलं नव्हतं. एका सकाळी उठलो आणि ब्रश हातात घेऊन मोरीपुढं उभा राहिलो, आणि दात घासायचे म्हणजे आधी टोपण काढायचं, मग पेस्ट लावायची, मग तोंड उघडायचं, एवढी कामं मला दिसली आणि मी ब्रश ठेवून परत जाऊन पडलो. जेवणाची चव गेली ती आधी कळली नाही, मीठ कमी असेल असं वाटत राहिलं. रस्त्यावर माणसं बोलायची ते ऐकू यायचं पण माझ्यापर्यंत पोहोचायचं नाही. लॅबमध्ये काम बरोबर करायचो, कारण काचेवर डोळा लावला की मी नसतो, पेशी असतात. अडचण काच बाजूला ठेवल्यावर सुरू व्हायची. मायचा फोन आला, आवाज असा कावून येतोय रं तुपला, तिनं विचारलं, आणि मी सांगायला तोंड उघडलं तर शब्दच नव्हता. आमच्यात त्याला एकच शब्द होता, येडा, आणि तो शब्द आमच्या घरात म्हाळूमामाचा होता. म्हाळू माझ्या मायचा धाकटा भाऊ. एक दिवस मेंढरं सोडून लिंबाखाली बसला आणि उठलाच नाही. बोलला नाही, खाल्लं नाही. पुढं एका पहाटे निघून गेला तो परत आला नाही. मी तेव्हा चार-पाच वर्षांचा असेन, मला त्याचं तोंड आठवत नाही, त्याची मातीत रेघा ओढणारी बोटं आठवतात. माय त्याचं नाव काढत नाही. तर फोन कानाला होता, माय वाट बघत होती, आणि माझ्या तोंडून निघालं, "पेशी कमी झाल्यात परत." तिकडून ती लगेच म्हणाली, "किती हायत?" मी म्हणालो, ऐंशी हजार. आणि खरं सांगतो, आकडा सांगितल्या सांगितल्या मला रडू आलं, इतकं बरं वाटलं.

मग रोजच झालं. ती विचारायची किती हायत, मी सांगायचो, आणि हळूहळू माझ्या लक्षात आलं की मी अंदाधुंद सांगत नाही. आंघोळ करून कामावर गेलो असेन तर शंभर हजार. नुसतं तोंड धुऊन गेलो तर ऐंशी. पांघरुणातून फोन उचलला तर साठ. एखाद्या दिवशी स्वप्नाच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी खाऊन ती तिखट लागली, नुसती तिखट, तर मी मायला खुशीत एकशे दहा सांगितले होते. म्हणजे आकडे खोटे होते, पण हिशोब खरा होता. आणि एक दिवस मी तीस म्हणालो. त्या दिवशी रविवार होता, खोलीची कडी आतून लावलेली होती. मला जगायचा कंटाळा आलाय हे वाक्य मला आईसमोर बोलता आलं नसतं, कुणासमोरच आलं नसतं. तीस म्हणता आलं. ती दुपारच्या गाडीनं आली. बायांना अर्धं तिकीट झाल्यापासून ती एसटीला घरचं वाहन समजते. कडी वाजवली, मी उघडली, तिनं चांदीचं दूध गरम केलं, पेला माझ्या तोंडाला लावला आणि मी पिईपर्यंत हलली नाही. दोन दिवस राहिली. रात्री माझ्या डोक्यावर तिचा खरखरीत हात असायचा, लोकरीचा वास येणारा. ती नसती आली तर काय झालं असतं ते मी अजून नीट विचार करून बघितलेलं नाही.

ती गेल्यावर मी सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचाराच्या ओपीडीत गेलो. तीन वेळा दारापर्यंत जाऊन परत आलो, चौथ्यांदा आत गेलो. तिथल्या मॅडम माझ्याच वयाच्या असतील. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, घरी कुणाला माहीत आहे का, तेव्हा मी पेशींचं सांगितलं. मला वाटलं रागावतील. त्या हसल्या. म्हणाल्या, "अगदीच खोटं नाही बोललात हो तुम्ही." मग त्यांनी कागदावर एक वाकडा गोळा काढला आणि सांगितलं, मन सांभाळायच्या कामात असलेलं एक द्रव्य आहे, सिरोटोनिन, ते मेंदूत असतं, आणि रक्तात बघाल तर जवळजवळ सगळं याच पेशी पोटात घेऊन फिरतात. उदासीच्या आजारात त्यांची संख्या बहुतेक ठीकच असते, पण काही जणांच्या पेशी जरा फुगीर दिसतात, लवकर चेकाळतात, एकमेकींना चिकटतात, असं काही अभ्यासांत दिसलंय, सगळ्यांत नाही. "आणि रक्त बघून कुणाची उदासी सांगता येत नाही," त्या म्हणाल्या, "तेव्हा मशीनपुढं बसून स्वतःला शोधत बसू नका. आणि आईला सांगा." गोळी लिहून दिली. या गोळीनं पेशींच्या पोटातलं ते द्रव्य कमी होतं, क्वचित निळे डाग उठतात, उठले तर येऊन दाखवा, असंही सांगितलं. डाग उठला. मनगटाच्या वर, जांभळासारखा. मॅडमना दाखवला, त्या म्हणाल्या काळजी नाही. पण मायनं तो बघितला, आणि मग ती कुणाचंच ऐकेना. डेंगूत पेशी घटल्या तेव्हा असेच डाग उठले होते, तिच्या दृष्टीनं हा पुरावा होता. औषधानंच माझ्या खोट्याची साक्ष दिली, आता काय बोलायचं. त्या दिवसापासून ती दिवसाआड पहिल्या गाडीनं यायला लागली, आडसमार्गे, बाटलीला ओलं फडकं गुंडाळून.

आणि आता कळप खाली न्यायची वेळ आली होती. डोंगरावरचं गवत वाळलं की आबा आणि माय जनावरं घेऊन सिंदफणा नदीच्या काठाला उतरतात, दरवर्षी, माझ्या जन्माच्या आधीपासून. यंदा मायनं सांगून टाकलं, मी येत न्हाई, चांदी बी येत न्हाई. आबांची गुडघेदुखी मला माहीत आहे. साठ जनावरं, एक म्हातारा आणि एक कुत्रं, रस्त्यानं ट्रक. आबा फोनवर मला एवढंच म्हणाले, "तुपल्या पेशी वाढू दे बाबा, मपलं काय, मी हाकतो." ते ऐकल्यापासून मी रोज ठरवत होतो की उद्या सांगायचं, आणि रोज वाटायचं की सांगितलं तर दोनच गोष्टी होतील. एक तर माय म्हणेल, म्हणजे तुला काहीच झालेलं नाही, आणि निघून जाईल. नाही तर तिच्या तोंडावर म्हाळूमामा येईल. पेशी हा एकच शब्द होता आमच्या दोघांमधला, तो काढून घेतला की मी तिला माझ्याबद्दल काय सांगणार होतो. आज सांगायचं, असं सकाळीही ठरवलं होतं. त्याआधी स्वप्नानं तिला आनंदाची बातमी दिली.

मी चौथी काच ठेवली आणि बाहेर आलो. बाकड्यावर माय नव्हती. बाटली होती, ओल्या फडक्यात, बाकड्याच्या मधोमध. स्वप्ना म्हणाली, "गेल्या की रे. मी चहा घ्या म्हणत होते." चहा घेत नाही ती, काळा असतो, असं काहीतरी मी बोललो असेन. बाटली उचलली आणि पळालो. चार महिन्यांत मी पळालो नव्हतो. चपलेचा अंगठा तुटायला आला, मोंढ्याच्या वळणावर एका रिक्षावाल्यानं "मरतो का बे" म्हणून विचारलं, आणि मला त्याचं उत्तर ठामपणे माहीत होतं, नाही. माय बस स्टँडवर धारूरच्या फलाटाला बसली होती. पाय वर घेऊन, पदर गुडघ्याभोवती, तशीच जशी माळावर बसते.

"दोन गाड्या सोडल्या," ती म्हणाली. "म्हनलं येतंय का बगावं."

मी शेजारी बसलो. दम लागला होता. तिनं माझ्या छातीकडं बघितलं, वरखाली होत होती.

"पेशी कमी असलेल्या मानसाला असं पळता येत नसतंय."

"न्हाईत कमी," मी म्हणालो. "कवाच न्हवत्या."

"ते कळलं. मपल्याशी कावून खोटं बोललास रं?"

मॅडमनी मला वाक्यं सांगितली होती, कसं सांगायचं याची, सोपी वाक्यं, मी ती पाठही केली होती. त्यांतलं एकही आलं नाही. समोर एक एसटी मागं मागं येत होती, वाहक शिट्टी मारत होता, आणि मला लॅबमधली ती वडवणीच्या बाईची काच आठवत होती. मी म्हणालो, "माय, पेशी मोजून भरतात. सगळ्या हायत. पर..."

"पर काय?"

"पर त्यांचं मन न्हाई."

असलं वाक्य कुणी डॉक्टर बोलणार नाही. बोलल्यावर मला माझीच लाज वाटली. मायनं माझ्या हातातली बाटली घेतली, मांडीवर ठेवली, टोपण घट्ट आहे का बघितलं. मग ती विचारल्यासारखं नाही, ओळखल्यासारखं म्हणाली, "चरत न्हाईत."

मी मान हलवली.

"सांजच्याला तुपला बाप मोजतो," ती म्हणाली, "साठच्या साठ भरतेत. त्यो खूश. पर त्यांत एखांदी नुसती हुबी असती. आंग धड, पाय धड, ताप न्हाई. तोंड लावत न्हाई, रवंथ करत न्हाई, कूपाकडं तोंड करून हुबी. मोजनाराला ती दिसतच न्हाई बग. त्याला साठ दिसतेत. तसं झालंय व्हय तुला?"

"व्हय."

"कवापासून?"

"पोळ्यापासून."

"आन् त्ये तीस म्हनलातास, त्ये काय हुतं?"

तेव्हा मी सांगितलं. कडी लावली होती ते सांगितलं. धारूरच्या फलाटावर, दिवसाढवळ्या, पोतं घेऊन उभ्या असलेल्या माणसांच्या घोळक्यात, हळू आवाजात. ती माझ्याकडं बघत नव्हती, समोर बघत होती, पण तिचा हात आला आणि माझ्या मनगटावर, त्या निळ्या डागावर बसला, आणि मी सांगायचा थांबलो तरी उठला नाही. दवाखान्यात गेलतो, गोळ्या चालू हायत, दोन महिने झाले, हेही सांगितलं. तिला बाकी कशाचं काही वाटलं असेल नसेल, पण तिनं विचारलं, "दवाखान्यात संगं कोन हुतं?" मी म्हणालो, कुणी नाही. "एकलाच गेलतास?" ती म्हणाली, आणि तिथं तिचा आवाज फाटला. "एकलं कावून गेलास रं लेकरा. मी काय मेलते का."

"मला वाटलं तुला म्हाळूमामा आठवंल," मी म्हणालो. एवढ्या वर्षांत ते नाव आमच्यात पहिल्यांदा निघालं.

धारूरची गाडी लागली, लोक दाराशी भिडले, खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायला लागले. "आठवतो की," ती म्हणाली. "रोज आठवतो. त्यो बी असाच हुता, मोजून भरत हुता. आमी म्हनलो येडा झाला. मी बी म्हनलं, मपल्या तोंडानं. त्याला बांदलं हुतं, ठाव हाय का तुला? गोठ्याच्या खुट्याला. पळून जाईल म्हून." तिनं बाटलीभोवतीचं फडकं घट्ट केलं. "खुट्याला बांदलं. जवळ कुनी बांदलं न्हाई. त्या नुसत्या हुब्या ऱ्हानाऱ्या शेळीला मी काय करते, सांगू का? तिला मपल्या बाजंला बांदते. हातानं पाला देते. एक पान खाल्लं तर एक पान. तिला कोन म्हनतं का येडी. शेळीला येवढं केलं आन् भावाला न्हाई केलं."

मला माझ्या मायची इतकी माया आली की तिच्या खांद्यावर डोकं टेकवावं वाटलं, आणि मी टेकवलं, सत्तावीस वर्षांचा बाप्या माणूस, स्टँडवर. लोकरीचा वास आला. ती जरा बाजूला सरकून मला नीट जागा करून देत म्हणाली, "दूध पी."

"आता पेशीला कशाला."

"पेशीला न्हाई. भूक लागली असंल म्हून."

मी अर्धी बाटली प्यालो. दूध कोमट झालं होतं आणि त्याला शेळीच्या दुधाचा तो उग्र वास होता, आणि मला तो चांगला स्पष्ट आला. उरलेलं मी तिला दिलं. ती नको नको म्हणत प्याली, पदरानं तोंड पुसलं, आणि म्हणाली, "आता खरं सांग. आकडा सांगू नको. मी तुपल्या बापासंगं जाऊ का हितं ऱ्हाऊ?"

चार महिने मी या प्रश्नाला घाबरत होतो, आणि आता तो समोर आला तर मला उत्तर शोधावं लागलं, खरंच शोधावं लागलं, पोटात हात घालून. आबांचे गुडघे होते, ट्रक होते. जा म्हणणं सोपं होतं, आणि ते बरोबरही होतं. पण त्याच्या खाली अजून एक गोष्ट होती, ती मी कधी कुणाकडं मागितली नव्हती.

"जा," मी म्हणालो. "आबांना एकटं सोडू नको. चांदीला बी ने. पर आज ऱ्हा माय. आजच्या दिवस ऱ्हा."

"हात्तेच्या," माय म्हणाली, "येवढंच सांगायला चार म्हैने लावलेस व्हय." आणि तिसरी गाडी तिनं सोडली.

त्या दिवशी ती लॅबच्या बाकड्यावर बसून राहिली, माझी सुट्टी होईपर्यंत. स्वप्नाला तिनं चांदीची सगळी हकिकत सांगितली. संध्याकाळी रूमवर तिनं गोळ्यांचं पाकीट मागून घेतलं, उलटंसुलटं करून बघितलं, आणि गोळीचा रंग पांढरा आहे हे बघून तिचं समाधान झालं. सकाळी ती गेली, आणि दोन दिवसांनी कळप डोंगर उतरला.

आज दुपारी जेवायच्या सुट्टीत फोन वाजला तेव्हा मी मागच्या खोलीत डबा उघडून बसलो होतो आणि नुसता बसलो होतो. पलीकडं वारं होतं, घंट्या होत्या, आबा कुणाला तरी शिव्या घालत होते, बहुतेक कुत्र्याला. माझ्या तोंडात सवयीनं आकडा तयार होता, सत्तर.

"लखन," माय म्हणाली, "चरल्या का रं?"

मी डब्याकडं बघितलं. भाकरी होती, पिठलं होतं. मी एक घास तोडला आणि तोंडात घातला, आणि तिला ऐकू जावं म्हणून फोन तसाच धरून चावला.

"एक पान," मी म्हणालो.

"मंग चांगलं झालं की," माय म्हणाली. "मी हाय फोनवर. तू खा."